मॉक स्कॅनर : लहान मुलांच्या ब्रेन इमेजिंग लॅबमध्ये दोन वर्षं वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

मिक्सरपासून मोबाइलपर्यंत सगळ्याचे रिव्ह्यू मराठीत वाचायला मिळतात, या वस्तूचा मात्र मला कधी दिसला नाही म्हणून लिहायला बसले. मी मूळची सांगलीची, पुण्यात सायकॉलॉजी केलं, आणि गेली दोन वर्षं बॉस्टनजवळच्या एका युनिव्हर्सिटीत लहान मुलांच्या ब्रेन इमेजिंग लॅबमध्ये रिसर्च असिस्टंट म्हणून काम करतेय. अधूनमधून पुण्या-मुंबईची मुलंमुली मेसेज करून विचारतात की ताई या कामात नक्की करायचं काय असतं, आणि मध्यंतरी तिकडच्या एका मॅडमनी विचारलं की त्यांना शाळकरी मुलांचा एमआरआय अभ्यास सुरू करायचाय तर मॉक स्कॅनरवर पैसे घालावेत का. दोघांनाही तुकड्यातुकड्यात सांगत होते ते एका जागी लिहितेय, कारण माझ्या आठवड्यातला निम्मा वेळ त्या मॉक स्कॅनरच्या शेजारी जमिनीवर बसण्यात जातो.

आधीच सांगते, लॅबचं आणि कंपनीचं नाव लिहिणार नाही, आणि मुलांचे तपशील सगळे बदललेत. त्यांची माहिती बाहेर न जाऊ देणं हा माझ्या कामाचाच भाग आहे.

तर मॉक स्कॅनर म्हणजे खोटा एमआरआय. बाहेरून हुबेहूब, तीच पांढरी फायबरची कमान, तोच साधारण ६० सेंटीमीटरचा बोगदा, आत सरकणारं टेबल, डोक्यावर लावायचा जाळीसारखा पिंजरा ज्याला हेड कॉइल म्हणतात, त्याच्यावर आरसा, आरशातून मागचा पडदा दिसतो. फक्त आत लोहचुंबक नाही. आवाजसुद्धा खऱ्या मशीनचा रेकॉर्ड करून स्पीकरवर लावलेला. मूल खऱ्या एमआरआयमध्ये जायच्या आधी इथे सराव करतं, आमच्याकडे ४५ मिनिटं धरलेली असतात, लागली तर दुसरी खेपही करतो.

हे सगळं कशासाठी, तर मूल हलतं म्हणून. मेंदूच्या रचनेचा एक साधा फोटो घ्यायला ५-६ मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ डोकं एक-दोन मिलिमीटर हललं तरी फोटोत पाण्यावर तरंग उठावेत तशा रेघा येतात. दवाखान्यात लहान मुलाचा एमआरआय काढायचा असेल तर पुष्कळदा गुंगीचं औषध देतात, पण आमच्याकडे येणारी मुलं आजारी नसतात, ती संशोधनासाठी मदत करायला आलेली असतात, त्यांना नुसत्या फोटोसाठी गुंगी द्यायची नाही हा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. तान्ह्या बाळांचं सोपं, त्यांना रात्री झोपेच्या वेळेला बोलवायचं, दूध पाजून दुपट्यात गुंडाळून झोपवायचं आणि झोपेतच स्कॅन करायचा. आपल्याकडच्या आज्या जे करतात तेच, फक्त कानाला आवाज बंद करणारे झाकण. खरी अडचण ४ ते १० वर्षांच्या मुलांची. ती जागी असतात, हुशार असतात आणि त्यांना नाक खाजवायचं असतं.

हलण्याचा प्रश्न नुसता फोटो खराब होण्याचा नाहीये, हे मला इथे आल्यावर कळलं आणि तेव्हापासून मी या सरावाच्या तासाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. २०१२ साली दोन-तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिलं की डोक्याची अगदी बारीक हालचालसुद्धा मेंदूच्या जवळजवळच्या भागांचे संबंध (म्हणजे ते किती एकसाथ काम करतात ते) आहेत त्याहून घट्ट आणि लांबच्या भागांचे सैल दाखवते. त्याच्या आधी काही वर्षं असं सांगितलं जात होतं की लहान मुलांचा मेंदू असाच असतो आणि वय वाढलं की हे उलटं होतं. म्हणजे त्या निष्कर्षातला काही भाग मेंदूच्या वाढीचा नव्हताच, लहान मुलं मोठ्यांपेक्षा जास्त हलतात एवढंच त्यात होतं! मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी मोजतानाही तेच, हललेल्या फोटोत तो थर आहे त्यापेक्षा पातळ मोजला जातो. आता विचार करा, ज्या मुलांना एका जागी बसणंच कठीण जातं अशा मुलांवरचा अभ्यास असेल तर किती सहज चुकीचं काहीतरी लिहून मोकळे होऊ आपण त्यांच्याबद्दल. म्हणून मॉक स्कॅनरमधल्या त्या ४५ मिनिटांना मी खेळ समजत नाही, मुलं समजतात ते ठीक आहे.

आता वस्तूबद्दल.

चांगलं पहिलं म्हणजे पिंजरा. मुलांना बोगद्याची भीती वाटते असं सगळे धरून चालतात पण माझ्या अनुभवात तोंडावर येणारा तो पिंजरा जास्त त्रास देतो, नाकापासून तीन-चार बोटांवर प्लास्टिकची पट्टी येते आणि डोळे तिच्यावरच खिळतात. मॉकमधला पिंजरा हलका आहे, मुलाच्या हातात देता येतो, आईच्या डोक्यावर आधी लावता येतो, अस्वलाच्या डोक्यावर लावता येतो. पहिली दहा मिनिटं आम्ही फक्त तेवढंच करतो. टेबल, बोगदा काही नाही, जमिनीवर मांडी घालून पिंजऱ्याशी ओळख.

दुसरं, हालचाल दाखवणारा सेन्सर. कपाळाला पट्टीने लावायचा, मग मूल कार्टून बघत पडतं आणि डोकं ठरवलेल्या मर्यादेबाहेर हललं की कार्टून आपोआप थांबतं. स्थिर झालं की परत सुरू. आपण लहानपणी स्टॅच्यू खेळायचो ना, कुणी स्टॅच्यू म्हटलं की आहे तसं थिजायचं, त्यात ओव्हर म्हणणारा भिडू जसा असतो तसा हा सेन्सर. मी तोंडाने शंभरदा हलू नकोस म्हटलं तरी मुलाला कळत नाही की खोकल्यावर, हसल्यावर, पायाची बोटं वळवल्यावरसुद्धा डोकं हलतं, कार्टून थांबलं की त्याला स्वतःलाच कळतं. इथे एक गोष्ट मात्र स्वतः करून शिकले. सुरुवातीला मर्यादा सैल ठेवायची, ५ मिलिमीटर वगैरे, मग ३, मग २. पहिल्याच झटक्यात २ वर लावलं तर कार्टून सारखं अडकतं आणि मूल वैतागून रडकुंडीला येतं. नवीन आलेले रिसर्च असिस्टंट ही चूक हमखास करतात, मीही केली होती आणि त्या मुलीचा सगळा दिवस मी खराब केला.

खऱ्या स्कॅनमध्येही कार्टून लावल्याचा आणि हालचाल मुलाला तिथल्या तिथे दाखवल्याचा फायदा होतो, २०१८ च्या एका अभ्यासात हे तपासलंय, आणि त्यात फायदा लहान मुलांना झाला, दहाच्या पुढच्यांना तितका नाही. आमचाही अनुभव तसाच. दहा-अकराच्या पुढची मुलं समजावून सांगितलं की पडून राहतात, त्यांना सेन्सरपेक्षा आत किती वेळ आहे आणि नेमकं कशासाठी हे खरं-खरं सांगितलेलं आवडतं.

तिसरी गोष्ट दिसायला क्षुल्लक आहे, रबरी फुगा. खऱ्या एमआरआयमध्ये हातात एक फुगा देतात, दाबला की बाहेरच्या खोलीत घंटी वाजते. मॉकमध्येही तो आहे आणि मी प्रत्येक मुलाकडून तो किमान तीनदा दाबून घेते. आत गेल्यावर दाब, मी लगेच तुला बाहेर काढते. का दाबलास विचारत नाही. पुन्हा जायचंय का हे त्यालाच विचारते. कुणाला वाटेल वेळ वाया घालवतेय पण माझं ठाम मत झालंय की या सगळ्या महागड्या सांगाड्यातली सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे. मुलाने हो म्हणणं कागदावर असतंच. भारतात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं ७ ते १२ वयाला तोंडी आणि १२ ते १८ ला लेखी संमती मागतात, पालकांची सही लागतेच, ही तिच्याहून वेगळी. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला संमती हा शब्द कळत नाही, दाबलं की बाहेर येतो हे कळतं. आणि थांबायचं ठरवलं तरी कुणी रागावत नाही, भेटवस्तू मिळते, घरी जाता येतं, हे त्याने एकदा स्वतः अनुभवलेलं असेल तरच त्याच्या हो ला अर्थ आहे.

याच्यावरून एक प्रसंग सांगते. इथे राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातला सहा वर्षांचा मुलगा आला होता, सोबत आई आणि साताऱ्याहून आलेली आजी. आई फॉर्म भरत बसली आणि आजी सरळ मॉकच्या खोलीत. मला मराठी येतं म्हटल्यावर त्यांनी एकदम विचारलं,

"अगं पोरी, ह्यात त्याला एकट्याला घालणार तुम्ही?"

"आजी, हा नुसता सांगाडा आहे, ह्यात चुंबक-बिंबक काही नाही. तुम्हीच आधी झोपून बघा हवं तर."

आजी खरंच झोपल्या! पदर नीट खोचला, मीही नियमाप्रमाणे पदराची पिन काढून घेतली, आणि नातू तोंडाचा आ करून बघत राहिला. आत गेल्यावर आतूनच आवाज आला, "हा तर खंडाळ्याचा बोगदा की रे बाळा!" मग बाहेर येऊन त्यांनी त्याला जे सांगितलं ते मी माझ्या वहीत लिहून ठेवलंय. आपण पुण्याहून मुंबईला गाडीने जातो ना, घाटात एकामागून एक बोगदे लागतात, गाडी बोगद्यात शिरली की हात आत, डोकं आत, अजिबात हलायचं नाही, बाहेर उजेड आला की हूऽऽ करून ओरडायचं. किती बोगदे आहेत गं? मी म्हटलं सहा. कारण आमच्या स्कॅनचे खरंच सहा भाग होते, मध्ये मध्ये थांबून आम्ही इंटरकॉमवर मुलाशी बोलतो, तेव्हा नाक खाजवता येतं, पाय हलवता येतात.

इतकी वर्षं लोक मुलांना रॉकेटची गोष्ट सांगतात, अंतराळवीर हेल्मेट घालतो वगैरे, आमच्याकडेही भिंतीवर ग्रह चिकटवलेत. पण रॉकेटमध्ये हलायचं का नाही याचं उत्तर त्या गोष्टीत नाहीये. बोगद्याच्या गोष्टीत आहे. आणि बोगदा संपतो हेही त्यात आहे. मी तेव्हापासून ज्या मुलांनी ट्रेनचा प्रवास केलाय त्यांना बोगदे मोजायला लावते.

स्कॅनच्या दिवशी त्याला आजीच खोलीत हवी होती. मग त्यांचं सगळं स्क्रीनिंग केलं, मंगळसूत्र काढताना त्या क्षणभर थांबल्या, मग सुनेच्या हातात दिलं, जोडवी मात्र निघेनात, शेवटी साबण लावून काढली. मुलाच्या कंबरेला चांदीचा करदोडा होता, तो आईच्याही लक्षात राहिला नव्हता. चांदीला चुंबक ओढत नाही हे खरं पण ती धातूच, आत तापू शकते, त्यामुळे तोही काढला. (आपल्या घरातल्या मुलांसाठी मी माझ्या यादीत हाताने लिहून ठेवलंय : करदोडा, वाळे, मनगट्या, डूल, ताईत. इथल्या छापील फॉर्मात यातलं काहीच नाही.)

तर तो गेला आत. पहिला बोगदा झाला, दुसरा झाला, दुसऱ्यात मेंदूच्या रचनेचा फोटो होता आणि तो सुंदर आला. तिसऱ्याच्या मध्यावर घंटी वाजली. टेबल बाहेर काढलं, तो म्हणाला बास. आम्ही बास केलं. ठरलेलं मानधन, त्याच्या मेंदूच्या फोटोची प्रिंट, सगळं पूर्ण दिलं, सहापैकी दोनच भागांचा डेटा मिळाला म्हणून यादीत त्याच्यापुढे "अपूर्ण" असं लिहावं लागतं. मला विचाराल तर मॉकच्या सरावाचा तो माझ्या दोन वर्षांतला सगळ्यात चांगला दिवस होता. त्याने फुगा घाबरून दाबला नव्हता, त्याला पुरे झालं होतं आणि आपण दाबलं की बाहेर येतो याची त्याला खात्री होती. बाहेर येऊन त्याने हूऽऽ पण केलं.

आता वाईट. इथे जरा सविस्तर लिहिते कारण विकत घेणाऱ्याला हेच उपयोगी पडेल.

आवाज खोटा वाटतो. खऱ्या एमआरआयचा आवाज आतल्या तारांच्या वेटोळ्यांतून वीज उलटसुलट फिरते आणि ती वेटोळी चुंबकाच्या क्षेत्रात धडधडतात त्यातून येतो, १०० डेसिबलच्या वर सहज जातो, कानात बोळे आणि वर हेडफोन असतात तरी तो छातीत जाणवतो. मॉकचे स्पीकर मोबाइलवर मळणीयंत्राचा व्हिडिओ लावावा तसे वाजतात, आवाज ओळखीचा होतो पण अंगावर येत नाही. आणि खऱ्या स्कॅनमध्ये मेंदूतले धागे दाखवणारा जो भाग असतो, डिफ्युजन, त्यात टेबलच थरथरतं, एसटी उभी असताना इंजिन चालू ठेवल्यावर सीट थरथरते तसं. मॉकमध्ये ते काहीच नाही. मुलं मला नंतर सांगतात, तू हलण्याचं सांगितलं नव्हतंस. आता मी तोंडाने सांगते आणि टेबलाला हाताने हादरे देऊन दाखवते, पण एवढ्या किमतीच्या वस्तूत टेबलाखाली थरथरणारी एक मोटर बसवायला काय हरकत होती? खऱ्या खोलीत कुणी स्कॅन करत नसलं तरी पंपाचा चिक-चुक चिक-चुक असा आवाज सतत चालू असतो, तोही मॉकच्या खोलीत नाही. दारात पाऊल टाकल्या टाकल्या तो आवाज ऐकून थबकलेली मुलं मी पाहिलीत. मी फोनवर रेकॉर्ड करून आणलाय आणि आता मुलं खोलीत यायच्या आधीच लावून ठेवते.

दुसरी तक्रार माणसांच्या सवयीची आहे पण वस्तूमुळेच होते. मॉकच्या खोलीत धोका काहीच नाही, त्यामुळे सगळे ढिले पडतात, खिशात किल्ल्या, गळ्यात ओळखपत्राची क्लिप, केसात पिना, तसेच आत. खरं मशीन ३ टेस्लाचं असतं, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण ६० हजार पट, आणि ते रात्रंदिवस चालूच असतं, बंद करायचं बटण रोजच्या वापराचं नसतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या तरुणाचा जीव गेला ते सगळ्यांनी बातम्यांत वाचलं असेल. म्हणून माझा आग्रह असतो की मॉकच्या दारातही खिसे उलटे करायचे, मुलांचे आणि आपलेही. मुलांना ते आवडतंसुद्धा, ताईच्या खिशातून काय काय निघतं ते बघायला. मुलांच्या खिशातून दगड निघतात, नेहमी.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी. गेल्या नोव्हेंबरमध्ये टेबल अर्ध्यात अडकलं. आत सात वर्षांची मुलगी. मी तिला नेहमीप्रमाणे सांगितलं होतं की फुगा दाब, लगेच बाहेर. तिने दाबला. मी बटण दाबलं, मोटर घरघरली, टेबल हललं नाही. परत दाबलं, नाही. हाताने टेबल मोकळं करायची कळ आहे पण ती मशीनच्या मागच्या बाजूला, भिंतीकडे, आणि आमचा मॉक भिंतीला जवळजवळ टेकवून ठेवलेला कारण खोली लहान. सहकारी मागे घुसून कळ ओढेपर्यंत मी आत वाकून तिचा पाय धरून बोलत राहिले. पाऊण मिनिट गेलं असेल. ती रडली नाही. बाहेर आल्यावर शांतपणे म्हणाली, तू लगेच म्हणाली होतीस. बस. तिची आई समजूतदार होती, मी दोघींची माफी मागितली, काय झालं ते खरं सांगितलं, पण ती मुलगी परत आली नाही आणि तिने यायला हवं होतं असं मी म्हणणारही नाही.

कंपनीला फोन केला तर आधी बंद करून चालू करा, मग व्हिडिओ पाठवा, मग पट्टा झिजला असेल, मग नवीन पट्टा यायला तीन आठवडे. एका आठवड्याला आमच्याकडे पाच-सहा मुलं ठरलेली असतात, शाळा असते म्हणून शनिवार-रविवार आणि संध्याकाळी, पालकांनी महिनाभर आधी वेळ काढलेली असते, त्या सगळ्यांना फोन करून पुढे ढकलायचं काम माझं. त्या तीन आठवड्यांत आम्ही एक खेळण्यातला कापडी बोगदा आणला, लहान मुलं त्यातून रांगतात तो, आणि त्यातच सराव घेतला.

आणि खरं सांगते, फार फरक पडला नाही. नंतर कळलं की हे आधीच कुणीतरी पद्धतशीर तपासलंय. टाइप १ मधुमेह असलेल्या ४ ते १० वर्षांच्या मुलांवरच्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात काही केंद्रांवर विकतचा मॉक होता आणि काहींनी खेळण्यातला बोगदा वगैरे साधं सामान वापरलं, २०१४ साली त्यांनी छापलं की दोन्हीकडे बहुतेक मुलांचे फोटो गुंगीशिवाय चांगले आले. म्हणून तिकडच्या त्या मॅडमना माझं सांगणं हेच होतं की पैसे नसतील तर अडून बसू नका. मे महिन्यात मी सांगलीला गेले होते तेव्हा पाच वर्षांच्या भाच्यावर प्रयोग केला (त्याला विचारून!), जेवणाच्या टेबलावर चादर टाकून बोगदा, खाली सतरंजी, डोक्याला क्रिकेटचं हेल्मेट, त्याची जाळी अगदी हेड कॉइलसारखी तोंडासमोर येते, आणि ब्लूटूथ स्पीकरवर एमआरआयचे आवाज, आधी हळू मग मोठे. हातात पिपाणी दिली, वाजवली की मी चादर उचलणार. सतरंजी ओढून बाहेर काढता येते, त्यात अडकायला मोटरच नाही. सुताराकडून प्लायचा चांगला सांगाडा करून घेतला तर लॅबसाठीसुद्धा तो पुरेल असं माझं मत झालंय, निदान सहा-सात वर्षांपर्यंत. त्यापुढच्या मुलांना खोटेपणा लगेच कळतो, त्यांच्यासाठी खऱ्यासारखं दिसणारं हवं, आणि मोठा अभ्यास असेल तर सेन्सर हवाच. इथला एबीसीडी नावाचा मुलांच्या मेंदूच्या वाढीचा अभ्यास २१ केंद्रांवर चालतो, सुरुवातीला ९-१० वर्षांची ११,८०० हून जास्त मुलं घेतली होती, त्यातही खऱ्या स्कॅनआधी नकली स्कॅनरमधला सराव ठेवलेला आहे. भारतात निम्हान्सच्या (बंगळुरूची मेंदू आणि मानसिक आरोग्याची संस्था) पुढाकाराने झालेल्या सी-वेदा अभ्यासात ६ वर्षांपासूनची मुलं होती आणि काहींचे एमआरआयही झाले, म्हणजे आपल्याकडे हे काम नवीन नाही, आता ते करणारी जास्त माणसं हवीत.

नोकरीबद्दल विचारणाऱ्यांसाठी थोडं. जाहिरातीत पायथन (प्रोग्रामिंगची भाषा), आकडेवारी, फ्रीसर्फर (एमआरआयच्या फोटोवरून मेंदूचे भाग मोजणारं सॉफ्टवेअर) असं लिहिलेलं असतं, ते लागतं, स्कॅन झाल्यावर प्रत्येक फोटो डोळ्यांनी तपासून दर्जा लिहायचा, रेघा मोजायच्या, सॉफ्टवेअरने मेंदूची कड चुकवली असेल तर हाताने दुरुस्त करायची, अशा कामात दिवसच्या दिवस जातात आणि मला ते आवडतं. पण इंटरव्ह्यूत मला विचारलेला प्रश्न होता की मूल टेबलाखाली जाऊन बसलं आणि बाहेर येईना तर काय कराल. मी म्हटलं मीही खाली जाऊन बसेन. नोकरी बहुतेक तिथेच मिळाली. शनिवार-रविवार जातात हे धरून चाला. पालक प्रिंट हातात घेऊन विचारतात, सगळं ठीक आहे ना, हुशार आहे ना, तेव्हा काही बोलायचं नाही, कारण आपण डॉक्टर नाही आणि एका मुलाच्या एका फोटोवरून हुशारी कळत नाही, आम्ही शेकडो मुलांची सरासरी बघतो. हे प्रेमाने आणि स्पष्ट सांगायला शिकावं लागतं. मला सहा महिने लागले.

रेटिंग द्यायचं तर पिंजरा, आरसा, सेन्सर यांना पाचपैकी साडेचार. आवाजाला दोन. कंपनीच्या सर्व्हिसला एक. टेबलाला मी आकडा देत नाही, नोव्हेंबरनंतर ते मला देववत नाही.

तरीही घेणार असाल तर डेमो बघायला जाल तेव्हा फायबरची चमक आणि भिंतीवरचे ग्रह बघत बसू नका. हाताने टेबल मोकळं करायची कळ कुठे आहे विचारा, ती पुढच्या बाजूला, मुलाशेजारी बसलेल्या माणसाच्या हाताच्या अंतरावर नसेल तर तशी करून मागा. मग स्वतः पिंजरा लावून आत झोपा, विक्री करणाऱ्याला मेन स्विच बंद करायला सांगा, फुगा दाबा आणि बाहेर यायला किती सेकंद लागतात ते मोजा.